मेकअपवरून सनस्क्रीन: चोळायचं नाही, थोपटायचं

सुरुवात स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यापासून करू या. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या, त्यावर बटर पेपरचा तुकडा ठेवून काटा शून्यावर आणा आणि रोज सकाळी चेहऱ्याला लावता तेवढंच सनस्क्रीन त्यावर काढा. बहुतेकींचा आकडा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास थांबेल. ट्यूबवर छापलेला एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा, प्रयोगशाळेत मोजतात, तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावलेलं असतं. चेहरा साधारण ५५० ते ६०० चौरस सेंटिमीटरचा धरला तर नुसत्या चेहऱ्यालाच १.१ ते १.२ ग्रॅम लागतं. मान, कान, गळा वेगळे. निम्म्या मापात लावलं तर ५० चं सनस्क्रीन पंचवीसच्या घरात येतं, काही वेळा त्याच्याही खाली.

मेकअपवरून पुन्हा सनस्क्रीन कसं लावायचं हे ऐकायला तुम्ही आला आहात, मला कल्पना आहे. पण मेकअपवरून दिलेला थर नेहमीच तोकडा असतो. पफ काही भाग पिऊन टाकतो, आणि फाउंडेशन बिघडेल म्हणून हातही आखडता राहतो. म्हणून दिवसाचा मुख्य भार सकाळच्या थरावर असतो, दुपारचा थर ही डागडुजी. सकाळचाच थर कच्चा असेल तर दुपारी कितीही थोपटा, फारसं काही हाती लागत नाही.

माप सोपं आहे. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. एवढ्यात चेहरा, कान आणि मान होते. ट्यूबचं तोंड बारीक असेल तर रेघही बारीक येते, म्हणून नवीन ट्यूब आणली की एकदा काट्यावर ताडून घ्या. दोन्ही रेघा मिळून २ ग्रॅमच्या जवळपास भरल्या पाहिजेत. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब २५ दिवसांत संपते. "माझी ट्यूब चार महिने पुरते" असं कुणी कौतुकाने सांगितलं, तर ती बाई सनस्क्रीन लावत नाही, सनस्क्रीनचा वास घेते आहे असं समजा.

दोन्ही बोटांवरचं एकदम फासू नका. आधी एक रेघ कपाळ, गाल, नाक, हनुवटी अशी ठिपक्यांनी ठेवून पसरा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग दुसरी. पहिल्या हातात सुटलेल्या जागा दुसऱ्या हातात झाकल्या जातात. ठरलेल्या सुटणाऱ्या जागा म्हणजे केसांची कड, कानशिलं, नाकपुडीची घडी, वरचा ओठ, कानाच्या पाळ्या आणि मानेची मागची बाजू. मोठ्या गळ्याचा ब्लाउज असेल तर पाठही यात आली, आणि ती आपली आपल्याला दिसत नाही. घरातल्या कुणालातरी हाताशी घ्या.

"माझ्या फाउंडेशनमध्ये एसपीएफ १५ आहे आणि खाली ३० चं सनस्क्रीन, म्हणजे ४५ झाले ना?" हा हिशेब ठिकठिकाणी ऐकू येतो. तो चुकीचा आहे. फाउंडेशन आपण सनस्क्रीनच्या मापाच्या कितीतरी खाली लावतो, त्यामुळे त्याचे पंधरा कधी मिळतच नाहीत. कॉम्पॅक्टचं तर विचारूच नका. एक ग्रॅमभर पावडर चेहऱ्यावर बसवली तर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसेल. सनस्क्रीन आणि फाउंडेशन तळहातावर कालवून एकदम लावायची युक्तीही सोडून द्या. सनस्क्रीन वाळताना त्वचेवर सलग पापुद्रा धरेल अशा बेताने ते बनवलेलं असतं. त्यात दुसरं काही मिसळलं की ते पातळ होतं आणि पापुद्र्याला भोकं पडतात.

आता मेकअप करणारीला खरोखर फायदा होतो ती गोष्ट. उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांचे आपल्या कामाचे दोन प्रकार, यूव्हीए आणि यूव्हीबी. एसपीएफचा आकडा सांगतो तो मुख्यतः त्वचा लाल करणाऱ्या यूव्हीबी किरणांबद्दल. काळवंडणं, वांग, सुरकुत्या यांत यूव्हीएचा मोठा वाटा असतो, आणि यूव्हीए काचेतून आत येतात. गाडीची पुढची काच दोन थरांची असल्यामुळे ते बरेच अडवते. बाजूच्या काचा सहसा तेवढं अडवत नाहीत. यूव्हीएसाठी ट्यूबवर पीए आणि पुढे अधिकची चिन्हं पाहा. ही जपानी पद्धत आहे. चार चिन्हं म्हणजे तिथल्या मोजणीत १६ किंवा वर. पण ज्यांना वांग आहेत त्यांना हेही पुरत नाही, कारण सावळ्या-गव्हाळ त्वचेला डोळ्यांना दिसणारा प्रकाशसुद्धा काळवंडवतो. साधं पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. तो अडवतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे फाउंडेशनला त्वचेचा रंग देणारी पिवळी, तांबडी, काळी रंगद्रव्यं. वांग असलेल्या बाईसाठी सनस्क्रीनच्या वर फाउंडेशन हा नट्टापट्टा नसून उपचाराचाच भाग आहे. घटकांच्या यादीत आयर्न ऑक्साइड किंवा सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे क्रमांक शोधा. रंगीत सनस्क्रीन मिळतं, पण आपल्या रंगाची छटा मिळणं कठीण. पांढुरकी छटा लावून राखाडी दिसण्यापेक्षा खाली साधं सनस्क्रीन आणि वर आपल्या रंगाचं फाउंडेशन हे बरं.

क्रम असा: चेहरा धुवा, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, मग मेकअप. "केमिकल सनस्क्रीन उघड्या त्वचेवरच लावायचं" असं सांगतात त्याकडे लक्ष देऊ नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर गाळलं तरी चालतं; दोन बोटं सनस्क्रीन तेवढा ओलावा देतं. मधे थांबायचं मात्र गाळू नका. सनस्क्रीनवर फाउंडेशन चढवण्याआधी १० ते १५ मिनिटं जाऊ द्या. तेवढ्यात केस विंचरा, साडी नेसा, डबा भरा. बोटाचं मागचं पेर गालाला टेकवून पाहा; ओलं, निसरडं लागलं तर अजून थांबा.

घाई केली की वळ्या सुटतात. खोडरबराचा चुरा निघावा तशा या वळ्या मेलेल्या त्वचेच्या नसतात. न बसलेला सनस्क्रीनचा पापुद्रा गोळा होऊन निघत असतो, आणि त्याबरोबर संरक्षणही. कारणं तीन-चारच. खालचा थर ओला असणं. सीरम, जेल, प्रायमर (फाउंडेशनच्या आधी लावायचा थर) असे घट्ट करणारे पदार्थ घातलेले बरेच थर एकावर एक चढवणं. पाण्याच्या बेसवर सिलिकोनचा प्रायमर येणं. आणि सर्वांत मोठं कारण, चोळणं. प्रायमरच्या यादीत सुरुवातीलाच डायमेथिकोन, म्हणजे एक सिलिकोनच, असेल तर सनस्क्रीनही सिलिकोनचं घ्या, नाहीतर प्रायमरच गाळा. मनगटाच्या मागे दोन्ही लावून दहा मिनिटांनी बोट फिरवून पाहिलं की जोडी जमते की नाही ते कळतं. फाउंडेशन ब्रशने ओढू नका. ओल्या करून घट्ट पिळलेल्या स्पंजने थोपटून बसवा.

दुपारची वेळ. दर दोन तासांनी सनस्क्रीन पुन्हा लावा, हा नियम उन्हात असलेल्यांसाठी आहे. खिडकीपासून लांब दिवसभर बसणारीने दोन-दोन तासांनी मेकअप उकरत बसायची गरज नाही. बाहेर पडायच्या आधी एकदा लावलं की झालं. दिवसभरातल्या अतिनील किरणांपैकी जवळपास ६० टक्के सकाळी १० ते दुपारी २ या वेळात येतात. मोबाइलच्या हवामान ॲपमध्ये यूव्ही इंडेक्स, म्हणजे या किरणांच्या तीव्रतेचा आकडा, असतो. तो ३ किंवा वर असेल तर लावा. महाराष्ट्रात एप्रिल-मेच्या दुपारी तो ११ च्या पुढे जातो, आणि संध्याकाळी सहाला घरी निघताना तीनच्या खाली असतो, तेव्हा त्या वेळी लावायचा सोस नको. पावसाळ्यात मात्र फसू नका. पातळ ढगांतून बराचसा भाग खाली येतोच.

पद्धत अशी. आत आल्यावर पाच मिनिटं पंख्याखाली बसा. घामावर लावलेलं सनस्क्रीन पातळ होऊन ओघळतं. टिश्यूचा पदर सुटा करा, एकच पातळ कागद चेहऱ्यावर दाबा आणि उचला, पुसू नका. घाम आणि तेल निघालं पाहिजे, फाउंडेशन जागेवर राहिलं पाहिजे. मग पातळ, वाहणारं सनस्क्रीन एका बोटाच्या रेघेएवढं हाताच्या पालथ्या बाजूवर घ्या. घट्ट क्रीम इथे कामाचं नाही, आणि उग्र अल्कोहोलचा वास येणारंही नको, कारण ते फाउंडेशन विरघळवतं. कुशन कॉम्पॅक्टबरोबर येतो तसा चपटा, गुळगुळीत पफ घ्या; भोकाभोकांचा स्पंज निम्मं पितो. पफ हातावर टेकवायचा, मग गालफडं, नाक, कपाळ, वरचा ओठ. दाबायचं आणि सरळ वर उचलायचं. पहिलं बसलं की आणखी अर्ध्या बोटाएवढं घेऊन त्याच जागांवर दुसरा हात. दोन-तीन मिनिटांनी कॉम्पॅक्ट अगदी हलकं. ओल्यावर कॉम्पॅक्ट लावलं की ठिगळं पडतात. लिपस्टिक शेवटी, तिच्याखाली एसपीएफचा लिप बाम.

स्टिक पर्समध्ये ठेवायला सोयीची, पण एकदा फिरवून भागत नाही. एका जागी चार वेळा मागे-पुढे जावं लागतं, आणि थेट फाउंडेशनवर फिरवली तर पट्टे उमटतात. स्टिक पफवर घासा आणि पफ थोपटा. डोळ्यांभोवती मात्र स्टिकच बरी, शक्यतो झिंक ऑक्साइडची, कारण ती घामाबरोबर डोळ्यांत उतरत नाही. सकाळचं पातळ सनस्क्रीन काजळापर्यंत ओघळलं तर दिवसभर डोळे चुरचुरतात. स्प्रे तोंडावर मारला तर अर्धा वाऱ्यावर आणि थोडा नाकात जातो. तोच पफवर मारून वापरा. एसपीएफची पावडर आणि सेटिंग स्प्रे यांना मी डागडुजीतही शेवटचा नंबर देईन. लग्नाच्या मांडवात दुसरं काही शक्य नसेल तर जरूर वापरा, पण संरक्षण झालं असं समजू नका.

पुण्यात दुचाकीवर स्कार्फ बांधणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. घट्ट विणीचा, गडद, कोरडा सुती स्कार्फ चांगला आडोसा आहे, पण तो नाकाच्या शेंड्यावर आणि गालफडांवर घासतो आणि नेमका तिथलाच थर नेतो. पोचल्यावर आधी या तीन जागा थोपटा. खाली जड मेकअप करण्यात अर्थ नाही. फाउंडेशन ऑफिसात जाऊन लावा.

टिकली चिकटत नाही ही तक्रार नेहमीची. सनस्क्रीनच्या तेलकट थरावर गोंद धरत नाही. कपाळावरची तेवढीच जागा टिश्यूने टिपून घ्या, चिमूटभर पावडर दाबा, मग टिकली. हेही पाहा, की टिकलीच्या गोंदातल्या काही रसायनांनी काहींना त्या जागी पांढरा डाग पडतो. तसं दिसू लागलं तर टिकली बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि तो डाग उघडा ठेवू नका, कारण रंगद्रव्य नसलेली त्वचा उन्हात लवकर भाजते. भांग हीसुद्धा उघडी त्वचाच आहे. तिथे स्टिकची एक रेघ.

नवरीचा मेकअप करणाऱ्यांनी फ्लॅशची काळजी घ्यावी. झिंक किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन आणि वर सिलिकाची बारीक पांढरी पावडर, या जोडीने आरशात चेहरा उत्तम दिसतो आणि फोटोत पिठासारखा पांढरा येतो. मेकअप संपण्याआधी खोली अंधारी करून मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढा. सकाळच्या मुहूर्ताला, मांडव उघडा असेल तर, पारदर्शक जेलचं सनस्क्रीन वापरा. रात्रीच्या रिसेप्शनला सनस्क्रीनचं कामच नाही.

रात्री नुसत्या फेसवॉशने हे सगळं निघत नाही. कोरड्या चेहऱ्यावर क्लिन्झिंग ऑइल किंवा बाम मिनिटभर फिरवा, पाण्याने दुधासारखं करून धुवा, मग फेसवॉश. सनस्क्रीनने पुळ्या येतात म्हणणाऱ्या बऱ्याच जणींचा खरा घोटाळा इथे असतो, नाहीतर न धुतलेल्या पफमध्ये. पफ एक दिवसाआड साबणाने धुऊन पूर्ण वाळवा; ओला पफ बंद डबीत ठेवू नका. ट्यूब उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. पाणी आणि तेल वेगळं सुटलं की ती टाकायची.

पांढऱ्या ब्लाउजच्या गळ्यावर तांबूस डाग पडतात, असं मघाशी एकीने विचारलं होतं. ॲव्होबेन्झोन हा यूव्हीए अडवणारा घटक पाण्यातल्या लोहाशी मिळून हा गंजासारखा रंग देतो, म्हणून बोअरच्या पाण्यावर धुणाऱ्यांना तो जास्त दिसतो. ब्लीच टाकू नका, डाग आणखी भडकतो. आधी भांड्यांचा लिक्विड साबण लावून तेल काढा, मग लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिडचं पाणी अर्धा तास, आणि नंतर नेहमीसारखं धुवा. पुढच्या वेळी सनस्क्रीन वाळल्यावर ब्लाउज घाला.