कोलेसिस्टेक्टॉमी मागून वाचायची असते

नमस्कार. आधी हा कागद बघा.

(डिस्चार्ज कार्ड समोर धरते. नाव-पत्ता झाकलेला.)

नौपाड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक काका-काकू राहतात. काकांचं मागच्या महिन्यात ऑपरेशन झालं. घरी आले, वरणभात खायला लागले, सगळं ठीक. तरी काकू रात्री नऊ वाजता हा कागद घेऊन वर आल्या. म्हणाल्या, "अगं, तू त्या ऐरोलीला दिवसभर हेच कागद वाचतेस ना? मग हे वाच. आम्हाला सांगितलं पित्ताशय काढलं, आणि इथे भलतंच काहीतरी लिहिलंय."

भलतंच म्हणजे हे: लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी.

माझं काम मेडिकल कोडिंगचं. अमेरिकेतल्या पेशंटचे कागद वाचायचे आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक ऑपरेशनला ठरलेला कोड लावायचा. सकाळी ठाण्याहून ट्रान्स हार्बरने ऐरोली, दिवसभर असले शब्द, संध्याकाळी परत ठाणे. मी डॉक्टर नाही, तेव्हा गोळ्या-औषधांचं मला काही विचारू नका. पण हे शब्द फोडता येतात. त्या रात्री काकूंनाही दहा मिनिटांत जमलं, कारण शाळेत त्या समास नीट शिकल्या होत्या.

देवघर म्हणजे देव की घर? घर. कसलं घर, तर देवाचं. पोळपाट म्हणजे पोळी नव्हे, पाट. तत्पुरुष समास, दुसरं पद महत्त्वाचं. दवाखान्यातले हे लांबलचक शब्दही बरेचसे असेच बांधलेले असतात. म्हणून पुढून वाचायला गेलं की धाप लागते. मागून वाचायचं.

(पडद्यावर: कोले – सिस्ट – एक्टॉमी)

शेपूट काय आहे? एक्टॉमी. ग्रीकमध्ये 'एक्' म्हणजे बाहेर, 'टोम' म्हणजे कापणं. कापून बाहेर काढलं. काय काढलं? सिस्ट, म्हणजे पिशवी. कसली पिशवी? कोले, म्हणजे पित्त. पित्ताची पिशवी कापून काढली.

आता आपला शब्द फोडा. पित्त अधिक आशय. जलाशयात पाणी साठतं, पित्ताशयात पित्त. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे तेच लिहिलंय की मेल्यांनी!"

हो, तेच. आणि पुढचं लॅपरोस्कोपिक? 'लॅपरा' म्हणजे बरगड्यांखालची पोटाची मऊ बाजू, 'स्कोप' म्हणजे बघणं. टेलिस्कोपमधलाच. छोट्या भोकांतून पोटात दुर्बीण घालून केलं. आपण त्याला दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतो, तेही बरोबरच आहे.

हा 'कोले' तुमच्या घरात आधीपासून आहे. कोलेस्टेरॉल. ते पहिल्यांदा सापडलं पित्ताच्या खड्यांमध्ये, म्हणून कोले म्हणजे पित्त आणि स्टेरिओ म्हणजे घट्ट. हे सांगितलं आणि पस्तावले, कारण काकूंनी लगेच विचारलं, "मग यांचं कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून खडे झाले का गं?" काकू, शब्दांचं नातं वेगळं आणि आजाराचं कारण वेगळं. ते डॉक्टरांना विचारायचं.

तर शेपट्या. तीन शेपट्या सारख्या ऐकू येतात आणि तिथेच घोळ होतो. नुसती 'टॉमी' म्हणजे चीर देणं. 'एक्टॉमी' म्हणजे काढून टाकणं. आणि 'ऑस्टॉमी' म्हणजे तोंड काढणं, कारण ग्रीकमध्ये स्टोमा म्हणजे तोंड. कोलेक्टॉमी झाली म्हणजे मोठं आतडं, सगळं किंवा थोडं, काढलं. (इथे पित्ताचा 'कोले' नाही, 'कोल' म्हणजे मोठं आतडं.) कोलॉस्टॉमी झाली म्हणजे आतड्याला पोटावर तोंड काढून दिलं आणि बाहेर पिशवी लावली. घरच्या माणसाला ते पुढे किती दिवस काय सांभाळायचंय, ते या शेपटीवर ठरतं.

आणि हा 'टोम' फार जुना ओळखीचा आहे हो. ॲटम! 'अ' म्हणजे नाही, 'टोम' म्हणजे कापणं. कापता येत नाही तो ॲटम. पुढे तोही फोडला माणसाने, नाव मात्र राहिलं. सीटी स्कॅनमधला टी म्हणजे टोमोग्राफी. शरीराचे पावाच्या स्लाइससारखे काप, चित्रात घेतलेले.

आता आपल्या ठाण्यात रोज ऐकू येणारं वाक्य. "त्यांची अँजिओ झाली." कोणाला विचारा, काय झालं? "अँजिओ." अहो, अँजिओ म्हणजे नुसती रक्तवाहिनी. रक्तवाहिनी झाली म्हणजे काय झालं? शेपूट विचारा! ग्राफी असेल तर वाहिन्यांचं चित्र काढलं, तपासणी. प्लास्टी असेल तर आत फुगा घालून अडलेली वाहिनी रुंद केली, म्हणजे उपचार. हृदयाच्या वाहिनीवर हे पहिल्यांदा केलं आंद्रेयास ग्रुन्टझिग यांनी, १९७७ साली, झुरिकमध्ये. ग्राफी आणि प्लास्टी यांच्या बिलात केवढा फरक असतो, ते ज्यांनी भरलंय त्यांना विचारा.

प्लास्टी म्हणजे घडवणं. कुंभार मातीला आकार देतो तसं. प्लास्टिक सर्जरीत प्लास्टिक घालतात असं समजणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. ऱ्हायनोप्लास्टी म्हणजे नाक घडवणं. गेंड्याला ऱ्हायनो म्हणतात ते नाकावरच्या शिंगामुळे. आणि या शब्दाशी पुण्याचा संबंध आहे. इंग्रजी फौजेच्या सामानाचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा टिपू सुलतानाच्या हाती लागला. त्याचं नाक कापलं गेलं. मग पुण्याजवळ, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिकत छापली आणि युरोपातल्या सर्जनांनी त्यावरून धडे घेतले. शब्द ग्रीक, पण हात आपल्याकडचा.

मधला 'ओ' पटकन सांगते. गॅस्ट्र म्हणजे जठर. गॅस्ट्रोस्कोपीत 'ओ' आहे, गॅस्ट्रायटिसमध्ये नाही. का? 'ओ' म्हणजे दोन डब्यांमधलं कपलिंग. पुढची शेपटी स्वराने सुरू होत असेल तर ती थेट जोडली जाते, कपलिंग लागत नाही. आयटिस म्हणजे दाह, सूज. झालं.

खरी गंमत शब्दाच्या तोंडाशी आहे. ग्रीक आणि संस्कृत चुलत बहिणी. त्यामुळे ज्या उपसर्गांसाठी इंग्रजी शाळेतली मुलं कार्डं करून घोकतात, ते आपण न शिकता बोलतो. अशक्त, अनावश्यक यांतला 'अ' आणि 'अन्' तोच ॲनिमियातला. पेरिकार्डियममधला 'पेरी' म्हणजे परिक्रमेतला 'परि', हृदयाच्या भोवतीचं आवरण. 'डिस' म्हणजे दुष्काळातला 'दुस्'. डिस्पेप्सिया घ्या: डिस म्हणजे दुस्, आणि पेप्स हा आपल्या 'पच्' धातूचा भाऊ. दुष्पचन! ऑस्टिओ आणि अस्थि. ओडोंट आणि दंत. मायोकार्डियममधला 'मायो' म्हणजे स्नायू, पण मूळ अर्थ उंदीर, आपला मूषक. दंडाची बेटकुळी हलते तेव्हा कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं, म्हणून. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक दिसला.

हायपर म्हणजे 'उपरि', वर, जास्त. हायपो म्हणजे 'उप', उपसरपंचातला, एक पायरी खाली, कमी. हे मला आज पाठ आहे कारण मी यात आपटलेय. नोकरीचे पहिले महिने होते. थायरॉइडची एक फाईल आली, दिवसातली शेवटची, डोकं ऐरोली स्टेशनवर पोचलेलं. मी कोड लावला ई झिरो फाइव्ह, हायपरथायरॉइडिझम. दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्या मॅडमनी बोलावलं. "ही बाई थकतेय, वजन वाढतंय, थायरॉइडचं हार्मोन गोळीतून घेतेय. आधीच जास्त असतं तर वरून कशाला दिलं असतं?" हायपो होतं ते, ई झिरो थ्री. एका अक्षराने पेशंटचा आजार उलटा झाला होता. कागदावरच, नशीब. तेव्हापासून मी 'हाय' वाचून थांबत नाही, आणि तुम्हीही फोनवर नातेवाइकांना रिपोर्ट वाचून दाखवताना थांबू नका. बीपीचं, साखरेचं, सोडियमचं, सगळीकडे ही जोडगोळी आहे.

आणि फोडता आलं म्हणून सगळं कळलं असंही नाही. 'ओमा' ही शेपूट दिसली की लोकांच्या पोटात गोळा येतो. ओमा म्हणजे बहुतेक वेळा गाठ. लायपोमा, चरबीची गाठ, सहसा निरुपद्रवी. हिमॅटोमा तर नुसतं साकळलेलं रक्त. ग्लॉकोमात गाठच नाही, तो डोळ्यांचा काचबिंदू. उलट मेलॅनोमा, लिम्फोमा ऐकायला लायपोमासारखेच, पण ते कर्करोग. म्हणजे इथे शेपूट पुरेशी नाही. गूगल करून रात्र जागवण्यापेक्षा सकाळी डॉक्टरांना फोन करा.

परवा काकू पुन्हा आल्या. या वेळी स्वतःचा सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "थांब, मी सांगते." चष्मा लावला. हेपॅटोमेगाली. त्यावर बोट ठेवून मागून सुरू केलं.

"मेगा म्हणजे मोठं. रविवारच्या मेगाब्लॉकमधला."

मी म्हटलं, काकू, आणि तोच आपला 'महा'.

"हो का? आणि हेपॅट?"

हेपॅट म्हणजे यकृत. ऐकायला लांबचे वाटतात, पण हे दोन शब्दही भाऊच आहेत.

"म्हणजे लिव्हर मोठं झालंय." रिपोर्टची घडी घातली. "शनिवारी डॉक्टरांकडे जाते. आणि यांना सांगू नकोस, माझं तळलेलं बंद करतील."