घर, अंगण, गडगा आणि वाट: सीएसएसशी पहिली ओळख

नमस्कार. चवथ तोंडावर आलेली, घराघरात माटोळीची तयारी चाललेली, तरी शिरोड्याहून, सावर्ड्याहून बस पकडून तुम्ही इथे फोंड्याला आलात, मला खूप बरं वाटलं. एचटीएमएल तुम्हाला येतं, हेडिंग, पॅराग्राफ, फोटो टाकता येतात, आता पान नीटनेटकं दिसलं पाहिजे, ते काम सीएसएसचं, आणि बटण दाबलं की काहीतरी झालं पाहिजे, ते जावास्क्रिप्टचं, आणि नेमकं इथेच बहुतेक जण अडतात.

माझं सांगणं एकच, पहिले पंधरा दिवस दुसऱ्याचा कोड उचलून चिकटवू नका. एकच डबा घ्या आणि एका वेळी एकच आकडा बदलून बघा.

डबा म्हणजे काय, तर पानावरची प्रत्येक गोष्ट ब्राउझरच्या लेखी चौकोनी डबाच असते. आपलं गावातलं घर डोळ्यासमोर आणा. घर म्हणजे मजकूर, भोवतीचं अंगण म्हणजे पॅडिंग, चिऱ्यांचा गडगा म्हणजे बॉर्डर, आणि गडग्याबाहेरची वाट म्हणजे मार्जिन. आता हिशेब करूया. विड्थ, म्हणजे रुंदी, 300 पिक्सेल दिली, पॅडिंग दोन्ही बाजूंना 20-20, बॉर्डर 1-1, तर डबा 342 चा होतो, कारण 300 तुम्ही फक्त घराला दिलेत, अंगण नि गडगा वेगळे. मग मोबाईलवर पान आडवं सरकायला लागतं आणि पोरं म्हणतात ब्राउझर चुकला. बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स लिहा, गडग्यासकट सगळं 300 मध्ये बसतं. वाटेचं तर अगदी गावासारखंच आहे, वरच्या पॅराग्राफने खाली 30 सोडले, खालच्याने वर 20, तर मध्ये 50 नाही, 30 च राहतात, वाट दोघांची एकच.

मराठी पान करणाऱ्यांनी हे लिहूनच घ्या. इंग्रजी पानावरचं लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, आपल्या मथळ्याला लावलंत तर शिरोरेखा तुटते, शब्द सुट्या दातांसारखा दिसतो. आणि लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, 1.2 इंग्रजीला चालून जाते, आपल्याकडे वर वेलांटी, रफार, खाली उकार, ओळी एकमेकींना भिडतात, मी 1.6 च्या खाली जात नाही.

सीएसएसची कल्पना होकोन विउम ली यांनी 1994 मध्ये मांडली, जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये दहा दिवसांत उभी केली. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कामासाठी केलेल्या या गोष्टी, म्हणून दोन्ही एकदम शिकायला घेऊ नका, आधी डबा हाताखाली येऊ दे.

मग बटण. मी पहिलं बटण केलं ते आमच्या जत्रेतल्या नाटकाच्या पानासाठी, दाबलं की वेळ दिसावी एवढंच, आणि दोन रात्री ते हललं नाही. कारण इतकंच, ब्राउझर पान वरून खाली वाचत येतो, स्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टचा कोड, मी वर हेडमध्ये ठेवलेली, ती चालली तेव्हा बटण पानावर आलेलंच नव्हतं, तिच्या हाती लागलं नल, म्हणजे काहीच नाही. ब्राउझर जिथे चुका दाखवतो त्या कन्सोलमध्ये लाल अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं, मी तो उघडलाच नव्हता. वेगळ्या फाईलमधल्या स्क्रिप्टला डिफर लावलं, म्हणजे पान वाचून झाल्यावरच चाल असं सांगितलं, आणि झालं.

चला, लॅपटॉप उघडा, एफ12 दाबा, ब्राउझरची तपासणीची खिडकी उघडेल, तिथे मथळ्याचं पॅडिंग 20 चं 60 करा, काय काय हललं ते मला सांगा, मी रांगेतून फिरतेय.