विंडोजची नक्कल, चुकांसकट

तर मुद्द्यावर येऊया. लिनक्सवर विंडोजचा प्रोग्रॅम चालतोय म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं आत कुठेतरी अख्खं विंडोज लपवून बसवलंय. हे काम करणारं सॉफ्टवेअर म्हणजे वाईन, आणि त्यात तसं काही नसतं. प्रोसेसर तोच, इंटेल नाहीतर एएमडीचा, त्याला वर लिनक्स आहे का विंडोज याचं काही पडलेलं नसतं, मग ईएक्सई, म्हणजे विंडोजच्या प्रोग्रॅमची फाईल, सरळ का चालत नाही? तर प्रोग्रॅम एकटा फारसं काही करतच नाही हो, फाईल उघड, विंडो काढ, फॉन्ट दे, प्रत्येक गोष्टीसाठी तो विंडोजला हाक मारतो, आणि लिनक्सवर त्या हाकेला ओ देणारं कोणी नसतं. वाईन ओ देतं. विंडोजच्या डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमना लागणाऱ्या तयार फंक्शनच्या फाईली, वाईनवाल्यांनी स्वतः नव्याने लिहिल्यात, सी ड्राइव्ह म्हणजे तुमच्या होममधलं एक लपलेलं फोल्डर, रजिस्ट्री, म्हणजे विंडोज जिथे सेटिंग ठेवतं ती जागा, इथे चक्क साध्या टेक्स्ट फाईली, कधी उघडून बघा.

ऐकायला सोपं वाटतं ना? १९९३ ला काम सुरू झालं, १९९४ पासून आलेक्सांद्र ज्युलियार हा माणूस ते सांभाळतोय, आजही तोच, आणि १.० व्हर्जन कधी आली? जून २००८. पंधरा वर्षं!

कारण असंय की मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये फंक्शनने काय करायला हवं ते लिहिलेलं असतं, ते प्रत्यक्षात काय करतं हा वेगळा विषय. विंडोजचा सोर्स कोड बघायचा नाही, ज्याने बघितलाय त्याचा कोड वाईन घेतच नाही, मग करायचं काय, तर छोटे छोटे टेस्ट प्रोग्रॅम लिहायचे, ते खऱ्या विंडोजवर चालवायचे, काय उत्तर येतं ते बघायचं आणि डिट्टो तसंच वागायचं. विंडोज चुकीचं उत्तर देत असेल तर आपणही चुकीचंच द्यायचं, कारण कुठलातरी प्रोग्रॅम त्या चुकीच्या भरवशावर चाललेला असतो. नक्कल करायची तर मूळ माणसाचं खोकणंसुद्धा उचलावं लागतं. आणि हे मायक्रोसॉफ्टलाही चुकलं नाही बरं का, सिमसिटी गेम मोकळी केलेली मेमरी परत वाचायचा, जुन्या विंडोजवर ते खपून जायचं, विंडोज ९५ वर क्रॅश व्हायला लागलं, तर त्यांनी म्हणे विंडोजमध्येच त्या गेमसाठी खास सोय करून ठेवली.

उलट्या दिशेची गंमत तर अजून भारी. २०१६ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजवर लिनक्सचे प्रोग्रॅम चालवायला डब्ल्यूएसएल आणलं, पहिल्या व्हर्जनमध्ये वाईनसारखाच मार्ग, लिनक्सचे कॉल, म्हणजे त्या हाकाच, भाषांतर करून आपल्या कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, द्यायचे. दुसऱ्या व्हर्जनमध्ये तो नाद सोडला आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये, खरा लिनक्स कर्नलच बसवला. त्यांना ते शक्य होतं, लिनक्स फुकट आहे. वाईनवाल्यांना विंडोजचा कर्नल कोण देणार?

गेमवाल्यांना हे माहितीच असेल, २०१८ मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीने वाईनवर आधारलेलं प्रोटॉन काढलं, त्यात डीएक्सव्हीके हा भाग डायरेक्टएक्सचे, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्सचे, कॉल व्हल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या ग्राफिक्स पद्धतीत बदलून देतो, आणि २०२२ चं स्टीम डेक, त्यांचं हातात धरून खेळायचं यंत्र, उभंच आहे त्याच्यावर. मला स्वतःला जास्त मजा वाटते ती एनटीसिंकची. विंडोजचे थ्रेड, म्हणजे एका प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामं, एकमेकांसाठी थांबतात त्याची रीत लिनक्सशी जुळत नाही, वाईन ते एका वेगळ्या सर्व्हर प्रोसेसमधून करायचं, त्यात वेळ जायचा, तर २०२५ मध्ये लिनक्स कर्नल ६.१४ मध्ये खास यासाठी एनटीसिंक हा ड्रायव्हर आला. म्हणजे आता नक्कल थेट कर्नलपर्यंत पोचली.

पण विंडोजच्या कर्नलमध्ये शिरणारा प्रोग्रॅम असला की वाईन हात टेकतं. बऱ्याच ऑनलाईन गेमचं अँटीचीट, म्हणजे फसवून खेळणाऱ्यांना पकडणारं सॉफ्टवेअर, अडतं ते इथेच. मघाशी मागून कोणीतरी डीटीपीचं विचारलं, की मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर आहे, डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेलं छोटं उपकरण, लावल्याशिवाय उघडत नाही. त्या डोंगलचा ड्रायव्हर विंडोज कर्नलसाठी लिहिलेला असेल तर वाईनच्या भानगडीत पडू नका, व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज टाका, यूएसबीला लावलेलं डोंगल त्याला जोडून द्या, आणि कायमचं त्या सॉफ्टवेअरवर अडकून राहायला नको म्हणून फाईली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या कोडमध्ये, करून घ्यायचं काम आजच सुरू करा.