तीन प्लेटा जळाल्यावर विचारलेला प्रश्न

(दृश्य: उजाडायच्या आतला पाचोडचा मोसंबी बाजार. पिकअपच्या हौद्यात फळ ओतलं जातंय.)

पाचोडला दिवस उगवायच्या आत गाडी भरते. दीड टन मोसंबी. शहागडला गोदावरी ओलांडायची, गेवराई, बीड, मग मांजरसुंब्याचा घाट चढून केजमार्गे लातूर. उशीर झाला की भाव गेला.

ही पिकअप घाटातच हात टेकायची. इंजिन बोंबलायचं, पण गाडी ओढायची नाही. मग केबिनमध्ये जळक्या क्लचचा वास शिरायचा. हा वास एकदा नाकात गेला की ड्रायव्हर तो जन्मभर ओळखतो.

नऊ महिन्यांत तीन क्लच प्लेटा गेल्या. ही प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलला दाबून धरलेली असते, तेव्हाच ताकद चाकांपर्यंत जाते. दर वेळी गिअरबॉक्स खाली, नवा सेट, मजुरी, दोन दिवस गाडी उभी. आणि दर वेळी एकच निदान: ड्रायव्हर हाफ क्लचवर, म्हणजे पेडलवर पाय ठेवूनच, गाडी चालवतो.

दोष असा पायावर टाकला की गाडी तपासायचं काम संपतं. ड्रायव्हर पगारी. एका सेटचे पैसे त्याच्या पगारातून कापले गेले. खरं तर याच गाडीची पहिली, कंपनीतून आलेली प्लेट १ लाख किलोमीटरच्या वर चालली होती. ड्रायव्हर तोच, घाट तोच, मालही तेवढाच. मग पाय अचानक बिघडला कसा?

(दृश्य: गेवराईच्या रस्त्यालगतचं गॅरेज. पत्र्याचं शेड, लिंबाची सावली.)

इथल्या उस्तादांनी पाना हातात घेतला नाही. त्यांनी जुन्या प्लेटा मागितल्या. दोन प्लेटा सीटमागच्या गोणीत होत्या. ड्रायव्हरने त्या जपल्या होत्या, कारण आपली बाजू मांडायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

जळकी प्लेट बरंच काही सांगते, वाचणारा हवा. अस्तरावर तेल असतं, तर क्रँकचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गळतंय असं धरलं असतं. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल वासानेच वेगळं कळतं. झीज एका कडेला जास्त असती, तर गिअरबॉक्स बसवताना ठेवणीच्या पिना राहिल्या, बॉक्स तिरका बसला, अशी शंका आली असती. मधल्या स्प्रिंगा तुटलेल्या असत्या, तर झटक्याने क्लच सोडण्याची खूण. या दोन्ही प्लेटा मात्र कोरड्या होत्या, दोन्ही बाजूंनी सारख्या, रिबिटापर्यंत जळालेल्या. म्हणजे प्लेट पूर्ण दाबली जातच नव्हती. थोडी सुटून सतत घासत होती.

असं पाय ठेवल्याने होतं, हे खरं आहे. म्हणून उस्ताद स्वतः शेजारच्या सीटवर बसले आणि भरलेल्या गाडीतून बीडच्या पुढे घाटापर्यंत गेले. रस्त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, ते ड्रायव्हरचा डावा पाय बघत होते. गिअर पडला की पाय बाजूला. प्रत्येक वेळी. तरी घाटात क्लच घसरला.

आणखी एक गोष्ट. सकाळी थंड गाडीवर हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडला, तर इंजिन धाडकन बंद पडलं, म्हणजे पकड चांगली. घाटात गाडी तापल्यावर तेच केलं, तर इंजिन घुरघुरत चालूच राहिलं. प्लेट थंड-गरम बघून पकड बदलत असेल, तर गाडीत तापणारं दुसरं काहीतरी तिला सोडवतंय.

तेव्हा उस्तादांनी तो प्रश्न विचारला. "पहिली प्लेट जळायच्या आधी गाडीवर काय काम केलं होतं?"

ड्रायव्हरने आठवून सांगितलं, "मास्टर गळायला लागला होता, उस्ताद. नवा टाकला. त्यानंतर महिना-दीड महिन्यात पहिली प्लेट गेली."

मास्टर म्हणजे पेडलला जोडलेला सिलिंडर. पेडल दाबलं की तो पाइपातून ऑइल खालच्या स्लेव्ह सिलिंडरकडे ढकलतो, आणि स्लेव्ह क्लच सोडवतो.

(दृश्य: घाटाच्या कडेला उभी गाडी. गाडीखाली सरकलेला माणूस, हातात पाना.)

पेडलवर कुणाचाही पाय नव्हता. उस्तादांनी स्लेव्ह सिलिंडरचं निप्पल सैल केलं आणि ऑइलची चिळकांडी उडाली. पाय नसताना तिथे दाब असायलाच नको. दाब सुटला तशी त्याच जागी प्लेटने गाडी धरली. निप्पल पुन्हा आवळून घाट चढायला लागले, तर गाडी ओढू लागली. होज पाइप आतून फुगून बंद झाला असता तरी असंच झालं असतं, म्हणून थोड्या अंतरावर पुन्हा घसरू लागल्यावर त्यांनी या वेळी वर मास्टरजवळची पाइपाची चुडी ढिली केली. दाब तिथेही सुटला. होज निर्दोष. दाब मास्टरच अडवत होता.

मास्टर सिलिंडरच्या आत, ऑइलच्या डबीकडे जाणारं एक बारीक छिद्र असतं. पाय काढला की पिस्टन पार मागे यावा आणि ते छिद्र उघडं व्हावं, एवढीच अपेक्षा. ऑइल तापून फुगतं, ते त्या वाटेने डबीत परत जातं. इथे नव्या मास्टरला पेडलचा रॉड सुताभर लांब बसला होता. पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता, छिद्र झाकलेलं राहत होतं. फुगलेल्या ऑइलला वाट नाही, मग ते स्लेव्हला ढकलतं, स्लेव्ह क्लचच्या फोर्कला, आणि क्लच प्लेटेला दाबून धरणारी प्रेशर प्लेट किंचित उचलली जाते. प्लेट घसरते, घसरून तापते, ऑइल आणखी फुगतं. घाटभर हेच चक्र. ड्रायव्हरचा पाय बाजूला होता आणि तो लांब रॉड मात्र दिवसभर क्लच दाबून बसला होता.

तीन वेळा गिअरबॉक्स उतरला, पण पेडलच्या वर डोकं घालून कुणी बघितलं नाही. हे मला अजून पचत नाही. तपासणी फुकट होती: पेडल बोटाने हलकं दाबायचं. मास्टरवर जोर लागायच्या आधी थोडी मोकळी चाल मिळायला हवी. ती किती, हे गाडीगणिक वेगळं असतं, गाडीच्या पुस्तकात बघून घ्यावं. या गाडीत ती शून्य होती.

(दृश्य: लेथवर फिरणारं फ्लायव्हील. निळे डाग हळूहळू निघून जातात.)

रॉडचं लॉकनट सोडून रॉड आत घेतला, मोकळी चाल आली. तिसरा सेट जळालेलाच होता, तो बदलावा लागला. फ्लायव्हीलवर तापून निळे डाग पडले होते, म्हणून ते लेथवर फेस करून आणलं. नाही तर नवी प्लेटही त्याच डागांवर थरथरली असती.

मालकाने कापलेले पैसे परत दिले. ते मागायला ड्रायव्हर गेला नव्हता. उस्ताद गेले होते, दोन जळक्या प्लेटा आणि तो रॉड किती लांब होता त्याचं माप घेऊन.

(दृश्य: मांजरसुंब्याचा घाट, भरलेली पिकअप. घाटमाथ्यावर गाडी थांबते.)

माथ्यावर ड्रायव्हर आता चहाला थांबतो. उतरण्याआधी वाकून उजव्या हाताने क्लचचं पेडल दाबून बघतो. आधी हलकी चाल, मग जोर. मग दार उघडतो आणि मागे जाऊन ताडपत्रीची दोरी आवळतो.