मार्मारा समुद्राच्या तळाशी मिलिमीटर मोजताना

मंडळी, इस्तंबूलच्या दक्षिणेला मार्मारा समुद्राच्या तळातून उत्तर अनातोलिया भ्रंश, म्हणजे भूकवचातली मोठी भेग, जातो. त्याच्या दोन बाजूंचे भूखंड वर्षाला साधारण २ सेंटिमीटर वेगाने एकमेकांना समांतर, उलट दिशांनी सरकू पाहतात. ‘सरकू पाहतात’ म्हणतो, कारण प्रश्न तोच आहे. भ्रंश रोज थोडाथोडा घसरतो आहे, की अडकून बसून ताण साठवतो आहे? जमिनीवर हे जीपीएसने कळतं. पण जीपीएसचे रेडिओतरंग खाऱ्या पाण्यात शिरतच नाहीत. तळाशी कामाला येतो तो ध्वनी.

पद्धत सांगायला सोपी आहे. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना तीन-चार मीटर उंचीच्या तिवया ठेवायच्या आणि प्रत्येकीवर एक ट्रान्सपॉन्डर बसवायचा. एकाने ध्वनीचा ठोका पाठवला की दुसरा ठरावीक, आधीच मोजून ठेवलेल्या विलंबाने उत्तर देतो. जाण्यायेण्याच्या एकूण वेळातून तो विलंब वजा करून निम्मं केलं की एका बाजूचा वेळ मिळतो. पाठवण्याची आणि परत आल्याची नोंद एकाच घड्याळात होते, त्यामुळे दोन घड्याळं जुळवण्याचं झंझट नाही. मात्र ते घड्याळ दहा लाखांत एक भाग जरी पुढे-मागे चाललं, तर किलोमीटरमागे १ मिलिमीटरची चूक होते.

खरी अडचण पाण्याची आहे. आपण अंतर मोजत नाही, वेळ मोजतो. अंतर काढायला ध्वनीचा वेग लागतो. मार्माराच्या ८०० मीटर खोल तळाशी तो सेकंदाला सुमारे १५२० मीटर असतो. तिथलं पाणी साधारण साडेचौदा अंशांचं. ते ०.०१ अंशाने तापलं, तर किलोमीटरभराची रेषा आपल्याला २१ मिलिमीटरने आखूड झाल्यासारखी दिसते. भ्रंश वर्षभर मोकळा घसरला, तर त्याला ४५ अंशांत छेदणाऱ्या रेषेच्या लांबीत फरक पडणार १४ मिलिमीटरचा! क्षारतेत किलोला ०.०१ ग्रॅमचा फरक पडला, तरी ८ मिलिमीटर जातात. म्हणून प्रत्येक तिवईवर तापमान आणि दाबाचे संवेदक हवेतच. क्षारतेचा संवेदक वर्षानुवर्षं पाण्यात भरवशाचा राहत नाही, कारण त्याच्यावर थर बसतो आणि आकडा हळूहळू सरकतो.

यातून वाचवते ती जाळ्याची मांडणी, आणि माझ्या मते उपकरणाच्या किमतीपेक्षा हिच्यावर जास्त डोकं खर्च करावं. भ्रंशाला काटकोनात टाकलेली रेषा इथे जवळजवळ निरुपयोगी, कारण आडव्या घसरणीने तिची लांबी बदलतच नाही. तिरप्या रेषा हव्यात, आणि त्याही दोन्ही कलांच्या. भ्रंश घसरला तर एका कलाच्या रेषा लांबतात, दुसऱ्या कलाच्या आखडतात. सगळ्या रेषा एकदम आखडल्या तर भ्रंशाला दोष देऊ नका; पाणी बदललं आहे. शिवाय दोन्ही टोकं भ्रंशाच्या एकाच बाजूला असलेल्या एकदोन रेषा ठेवायच्या. त्या हलायलाच नकोत. हलल्या तर संवेदक तपासायचे.

तिवया उतरवताना आधी तळाचा सविस्तर नकाशा हवा. ध्वनी सरळ रेषेत जात नाही. समान तापमानाच्या पाण्यात दाबामुळे खाली वेग वाढतो, त्यामुळे ध्वनीच्या मार्गाला खाली झोळ पडतो: किलोमीटरला सुमारे दीड मीटर, दोन किलोमीटरला साडेपाच. मध्ये छोटासा उंचवटा असला तरी ध्वनी अडतो. कधी तळावरून परावर्तित झालेला ठोकाच नोंदला जातो. तो नेहमी उशिरा येतो, त्यामुळे ही चूक अंतर वाढवणारीच असते, हे ध्यानात ठेवलं तर नोंदींत ती ओळखू येते. तिवई जहाजावरून तशीच सोडून देऊ नये, तारेने तळापर्यंत न्यावी. गाळात ती काही काळ खचत राहते. ४ मीटरची तिवई ०.१ अंशाने कलली तर वरचा ट्रान्सपॉन्डर ७ मिलिमीटर सरकतो. कल मोजणारा संवेदक नसेल, तर हेच भ्रंशाचं घसरणं समजून लेख छापले जातील.

मार्मारात जर्मन आणि फ्रेंच गटांनी मिळून १० ट्रान्सपॉन्डर ठेवले होते. २०१४पासूनच्या अडीच वर्षांत साडेसहा लाखांहून अधिक मोजमापं झाली आणि २०१९मध्ये निष्कर्ष आला: लक्षणीय हालचाल नाही. ऐकायला हे अपयश वाटतं, पण आकडा बोलका आहे. भ्रंश निदान ३ किलोमीटर खोलीपर्यंत घट्ट अडकला आहे, आणि १७६६च्या भूकंपापासून किमान ४ मीटर घसरण व्हायची बाकी आहे. एप्रिल २०२५मध्ये मार्मारात ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. एवढ्या धक्क्यातली घसरण मीटरभरापेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे त्याने ती थकबाकी फिटली असं कुणी समजू नये.

हेच तंत्र इटलीतल्या एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी, समुद्रात बुडालेल्या उतारावर वापरलं, तेव्हा उलट चित्र दिसलं. मे २०१७मध्ये आठ दिवसांत तो उतार ४ सेंटिमीटर सरकला.

आपल्या बाजूला, पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याजवळ, मकरानचा सागरी भ्रंश आहे. १९४५ची त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती. पण तिथे हे जाळं पुरणार नाही. ट्रान्सपॉन्डरची झेप काही किलोमीटरची, आणि मकरानचं विरूपण (भूकवचाचं वाकणं-सरकणं) शेकडो किलोमीटर पसरलेलं. अशा ठिकाणी जपानी पद्धत लागते: जहाजाची जागा जीपीएसने ठरवायची आणि जहाजाने तळाच्या ट्रान्सपॉन्डरांशी ध्वनीने बोलायचं. २०११च्या तोहोकु भूकंपात तळ २४ मीटर सरकल्याचं जपानच्या तटरक्षक दलाने याच पद्धतीने दाखवलं. अचूकता सेंटिमीटरांची, मिलिमीटरांची नव्हे. आणि दर खेपेला प्रत्येक ठिकाणी जहाज तासन् तास थांबवावं लागतं.