मागे राहायची हिंमत

श्रोतेहो, नमस्कार.

22 ऑगस्ट 2004 ची संध्याकाळ. ग्रीसमधलं मॅरेथॉन नावाचं गाव. सहा वाजून गेलेत, पण पारा अजून 35 अंशांच्या आसपास रेंगाळतोय आणि दिवसभर तापलेली डांबरी सडक खालून वाफा सोडतेय. अथेन्स ऑलिंपिकमधली महिलांची मॅरेथॉन सुटली आहे.

या शर्यतीत इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ होती. आदल्याच वर्षी लंडनमध्ये तिनं 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. केनियाची कॅथरीन नडेरेबा होती, 2001 साली शिकागोत 2 तास 18 मिनिटं 47 सेकंदांत धावलेली आणि 2003 ची जगज्जेती. आणि जपानची मिझुकी नोगुची होती. उंची जेमतेम 150 सेंटिमीटर, वजन चाळीस किलोच्या घरात. तिचं सर्वोत्तम टायमिंग 2 तास 21 मिनिटांच्या पुढचं. दोघींनी आपापली सर्वोत्तम धाव घेतली असती, तर रॅडक्लिफ स्टेडियममध्ये पोचली तेव्हा नोगुची पावणेदोन किलोमीटर मागे असती. कागदावर तरी असाच हिशोब होता.

पण तो हिशोब थंड हवेतला. आज मला तुमच्याशी बोलायचंय ते नेमकं याच गोष्टीवर.

धावताना आपण जी शक्ती खर्च करतो, तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा पुढं जायला लागतो. बाकीची सगळी उष्णता होते. जितका वेग जास्त, तितकी ही आतली भट्टी जास्त पेटते. हवा गार असली की उष्णता अंगावरून सहज निघून जाते. हवाच तापलेली असली की बाहेर जायची वाट अरुंद होते, मग सगळी भिस्त घामावर. घामही नुसता येऊन भागत नाही, तो वाळायला हवा. दमट हवेत तो वाळत नाही, कोपरावरून ठिबकत राहतो. अंगातलं पाणी जातं आणि गारवा काही मिळत नाही. इकडे रक्ताला दोन मालक होतात. पायांना रक्त हवं, कातडीलाही हवं. वेग तोच ठेवला तरी हृदयाचे ठोके चढत जातात, ते यामुळं.

म्हणून उन्हात वेगवान धावपटूचा वेग हीच त्याची अडचण होऊ शकते. तुमच्यापेक्षा तो जास्त उष्णता तयार करतोय, आणि अंग मोठं असेल तर ती बाहेर टाकायला त्याला जास्त वेळ लागतोय. नोगुचीसारख्या लहान चणीच्या बाईला वजनाच्या मानानं कातडी जास्त मिळते, अंग लवकर निवतं.

अथेन्सचा रस्ता साधारण दहाव्या किलोमीटरपासून चढायला लागतो तो तीस-एकतीसपर्यंत चढतच राहतो, मग शेवटचे दहाएक किलोमीटर शहरात उतार. नोगुचीनं पंचविसाव्या किलोमीटरच्या सुमाराला, ऐन चढावर, आघाडी घेतली. माझ्या मते ही त्या संध्याकाळची सर्वांत शहाणी चाल होती. शेवटच्या टप्प्यात नडेरेबा किती जोर लावते हे सगळ्यांना ठाऊक होतं. चढाचा माथा दोघींनी बरोबर गाठला असता तर उतारावर नोगुचीचं काही खरं नव्हतं. जिथं तिला जमतं आणि समोरचीला जड जातं, तिथंच तिनं घाव घातला, आणि एकदाच घातला. रॅडक्लिफ मागे पडली, छत्तिसाव्या किलोमीटरनंतर थांबली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडली. तिच्याविषयी एक सांगायलाच हवं. तिचा पाय आधीच दुखावलेला होता आणि त्यावरच्या औषधांनी पोट बिघडलं होतं, असं तिनं पुढं सांगितलं. दोष एकट्या उन्हाचा नव्हता. पण दुखणं घेऊन आलेल्या माणसाला ऊन दयामाया दाखवत नाही.

संगमरवरी स्टेडियममध्ये नोगुची पहिली शिरली. 2 तास 26 मिनिटं 20 सेकंद. नडेरेबा तिच्या मागे अवघी 12 सेकंद. सोन्याचं पदक मिळवणारी धाव तिच्या स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा पाच मिनिटं हळू होती!

उन्हात वेग आवरावा लागतो हे मला कळलं ते पुस्तकातून नाही, मुंबईत पेडर रोडवर कळलं. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन. चार तासांच्या आत यायचंच, असं ठरवून गेलो होतो. पहाटे गार वारा होता, पाय हलके होते, पहिला अर्धा टप्पा 1 तास 54 मिनिटांत मारला. मरीन ड्राइव्हवर पन्नाशीच्या एका काकूंना मागे टाकलं होतं, त्या शांतपणे, एका लयीत धावत होत्या. परतीच्या वाटेवर ऊन डोक्यावर आलं. पेडर रोडचा चढ दुसऱ्यांदा लागला तेव्हा बनियनवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते, आणि भर उन्हात माझ्या दंडांवर थंडी वाजल्यासारखा काटा आला. तिथं मी चालायला लागलो. फूटपाथवरच्या एका मुलीनं हातावर संत्र्याच्या दोन फोडी ठेवल्या. काकू शेजारून गेल्या, त्याच लयीत, ‘चला, थोडंच राहिलंय’ म्हणत. मला साडेचार तास लागले. त्या दंडावरच्या काट्याचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. अंग तापून हाताबाहेर जायला लागल्याची ती खूण असते. थांबलो नसतो तर आज बोलायला इथं कदाचित नसतो.

अथेन्सच्या त्याच शर्यतीत त्या काकूंसारखी धावणारीही एक होती. अमेरिकेची डीना कॅस्टर. तिनं सरावात मुद्दाम जादा कपडे घालून अंगाला उकाड्याची सवय लावली होती. शर्यतीआधी वॉर्म-अप करताना बर्फाचं जाकीट घातलं, म्हणजे आतली भट्टी जितकी उशिरा तापेल तितकं बरं. सुरुवातीला ती पुष्कळ मागे होती. पुढचा गट दिसेनासा झाला तरी तिनं त्याचा नाद केला नाही. मग चढावर एकेक जण दमत गेली आणि ती एकेकीला गाठत गेली. अगदी शेवटी इथिओपियाची एल्फेनेश अलेमू तिच्या मागे पडली आणि कॅस्टरला कांस्यपदक मिळालं. नोगुचीची चाल बघायला डोळे दिपवणारी आहे, पण तुम्हाआम्हाला कॅस्टरचीच वाट धरता येईल.

ही सवय लावणं म्हणजे काय ते जरा खोलात सांगतो. रोज तासभर उन्हात, पण हळू, दहा ते चौदा दिवस. एवढ्यात शरीर बदलतं. रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. थंड गावातून थेट उकाड्यात धावायला उतरलेल्याकडे यातलं काहीच नसतं. पण ही सवय ठेवणीतली नव्हे, सोडली की काही आठवड्यांत जाते. या दिवसांत घड्याळातला पेस, म्हणजे धावायचा वेग, बघू नका. शेजारच्याशी बोलता येईल इतपतच धावा.

तयारीनंही कधीकधी भागत नाही. 2019 साली दोह्याच्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन उन्हामुळं मध्यरात्री सोडली. तरी पारा तिशीच्या वर आणि हवा ओलीचिंब. 68 जणी सुटल्या, 40 पोचल्या. जिंकलेल्या रूथ चेपनगेटिचला 2 तास 32 मिनिटं 43 सेकंद लागले, तिच्या तोवरच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा पंधरा मिनिटं जास्त. ती जिंकली कारण तिनं त्या रात्रीच्या हवेला परवडेल तोच वेग धरला.

आता माझ्या काळजाजवळची गोष्ट. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या गावोगावच्या सडकांवर पोलीस भरतीची पोरंपोरी धावताना दिसतात. सकाळी शेतातलं काम, मग नऊ-दहाच्या उन्हात सराव, पोटात चहा आणि एखादा बिस्किटाचा पुडा. सोबतीतला एखादा जोरात पळणारा असतो आणि बाकीचे जिवावर उदार होऊन त्याच्या मागे लागतात. पोरांनो, त्याला जाऊ द्या. पहाटे पळा. उन्हाची सवय करायचीच असेल तर ती वेगळी करा, हळू पळून. लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ घातलेलं पाणी जवळ ठेवा. तहान लागेल तसं प्या, पण भीतीपोटी लिटरच्या लिटर साधं पाणीही पिऊ नका, रक्तातलं मीठ पातळ होऊन तेही जिवावर बेतू शकतं. ताप येऊन गेला असेल, जुलाब झाले असतील, रात्री झोप झाली नसेल, तर त्या दिवशी मैदानावर नुसते बसून राहा.

आणि बरोबरचा कुणी पळताना झोकांड्या खायला लागला, विचारलं तर भलतंच काही बोलू लागला, तर त्याला ‘चल, होतंय, होतंय’ म्हणू नका. ऊन लागलंय त्याला. सावलीत आडवा करा, अंगावरचे कपडे सैल करा, विहिरीचं, नळाचं, टाकीचं, मिळेल ते गार पाणी अंगावर ओता. मानेला, काखेत, जांघेत ओले पंचे ठेवा, एकानं वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. एकानं 108 ला फोन लावा, पण गाडी यायची वाट बघत पाणी ओतायचं थांबवू नका. गाडीत घातल्यावरही फडकी ओली ठेवा.

नमस्कार.