तिकिटं 10 तारखेची होती

(दृश्य : जेवणाच्या टेबलावर उघडी बॅग. पांढरी टोपी, गोळ्यांचा डबा, इन्हेलर, भाजणीची पिशवी.)

ही बॅग माझ्या बाबांची. डिसेंबर 2024 मध्ये आई-बाबा साताऱ्याहून माझ्याकडे, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आले. थंडीत घरात बसून दोघं कंटाळली, म्हणून लॉस एंजेलिसची सहल ठरली. विमान 10 जानेवारीचं. तीन रात्री हॉटेल, एक दिवस डिस्नीलँड, एक दिवस समुद्र आणि शेवटी पॅसडिनाला माझ्या मावसबहिणीकडे, म्हणजे ताईकडे, जेवण. भाजणी तिच्यासाठी.

7 जानेवारीला सकाळी साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या समुद्राकडच्या बाजूला, पॅलिसेड्सच्या डोंगराला आग लागली. त्याच संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास दुसरी आग, शहराच्या पार दुसऱ्या बाजूला, पॅसडिनाला लागून असलेल्या अल्टाडेना या वस्तीच्या डोक्यावर, ईटन कॅन्यनमध्ये.

बाबा टीव्हीसमोर बसले होते. म्हणाले, "वणवाच ना हा? मग एवढा गाजावाजा कशाला?"

साताऱ्याच्या माणसाला वणव्याचं काय कौतुक! होळीच्या आगेमागे यवतेश्वरच्या डोंगरावर रात्री लाल माळ दिसते. गवत जळतं, सकाळी उतार काळा. वनखात्याची माणसं आग अडवायला मोकळा पट्टा, म्हणजे जाळरेषा काढतात, गावातली पोरं ओल्या फांद्यांनी आग झोडपतात. वाईट वाटतं, पण आग सहसा डोंगरावरच राहते.

इथं ती डोंगरावर राहिली नाही. आधीचे दोन हिवाळे भरपूर पावसाचे गेले होते, झुडपं माजली होती. मग 2024 च्या मे महिन्यापासून धड पाऊसच नाही. त्यात सांता अ‍ॅनाचे वारे. आतल्या वाळवंटी पठारावरची हवा डोंगर ओलांडून समुद्राकडे कोसळते आणि उतरताना दाबली जाऊन तापते, कोरडी होते. त्या रात्री झोत इतके जोराचे होते की पाणी टाकणारी विमानं आणि हेलिकॉप्टरं जमिनीवरच ठेवावी लागली. ठिणग्या वाऱ्यावर पुढे जाऊन पडत होत्या आणि छपराखालच्या झरोक्यांतून घरात शिरत होत्या. तिथून पुढे झुडपाची गरजच उरली नाही. घरावरून घर पेटत गेलं.

(दृश्य : मोबाइलचा पडदा. नातेवाइकांचा ग्रुप.)

ग्रुपवर विचारलं, जावं का? दहा मिनिटांत दोन पक्ष पडले. "अजिबात जाऊ नका, अख्खं शहर जळतंय!" आणि "काही होत नाही, विमानतळ चालू आहे." दोन्ही उत्तरं सोलापूर ते सिंगापूर कुठूनही देता येतील अशी.

विमानतळ चालू होता हे खरं. शहर अख्खं जळत नव्हतं हेही खरं. लॉस एंजेलिस काउंटी जवळजवळ आपल्या सातारा जिल्ह्याएवढी आहे, दहा हजार चौरस किलोमीटरच्या वर. दोन्ही आगींनी मिळून शेवटी साधारण दीडशे चौरस किलोमीटर जाळलं. हा हिशोब ऐकून बाबा खूश झाले. "म्हणजे महाबळेश्वरला आग लागली म्हणून फलटणला जायचं नाही, असंच की!"

बाबांचं गणित चुकीचं नव्हतं. डिस्नीलँड अल्टाडेनापासून चाळीस-पन्नास किलोमीटर दूर, आणि तिथं रोजच्यासारख्या रांगा लागत होत्या. पण आम्ही नकाशात अंतर मोजत होतो, आणि नकाशा तासातासाला बदलत होता. 8 तारखेच्या संध्याकाळी हॉलिवूडच्या टेकड्यांवर नवी आग लागली. आमचं हॉटेल तिथून तीन किलोमीटरवर. त्या भागातल्या लोकांना घरं सोडायला सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी ती आग आटोक्यातही आली. आमच्या रात्रीच्या जेवणाआधी हॉटेल घरं सोडायच्या भागाच्या कडेला टेकलेलं, दुसऱ्या दिवशीच्या चहाला पुन्हा मोकळं!

घरं कुठली सोडायची ते सांगणाऱ्या त्या सरकारी नकाशावर रंग असतात. लाल म्हणजे आत्ता निघा. पिवळा म्हणजे बॅग भरून दारात ठेवा. त्याशेजारी एक आकडा असतो, कंटेनमेंट. 0 टक्के वाचून आईने कपाळाला हात लावला. तिला समजावलं, की हा विझलेल्या आगीचा आकडा नव्हे, आगीच्या कडेचा किती भाग जाळरेषेने बांधला तेवढंच तो सांगतो. "मग 0 म्हणजे मोकाट," आई म्हणाली. बरोबर.

आणि रंगांवर तरी किती विसंबायचं? अल्टाडेनात लेक अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. त्याच्या पूर्वेकडच्या लोकांना संध्याकाळीच निघायला सांगितलं. पश्चिमेकडच्यांना तो आदेश पहाटे तीननंतर मिळाला. ईटनच्या आगीत जे गेले, त्यांतले बहुतेक याच पश्चिम बाजूचे. बरेचसे वयस्कर. पडद्यावर पांढरा राहिलेला भाग सुरक्षितच असतो, हे त्या रात्रीनंतर मी मानत नाही.

9 तारखेला दुपारी नेमकं उलट झालं. ताईशी बोलत असताना तिच्या फोनमधून तो कर्कश भोंगा ऐकू आला. घर सोडायच्या तयारीत राहा, असा संदेश. तिच्या घरात त्याच वेळी आणखी पाच फोन ओरडले. एका लहानशा भागासाठी असलेली सूचना चुकून सगळ्या काउंटीला, जवळपास एक कोटी लोकांना गेली होती.

पाच फोन कसे? कारण ताईकडे अल्टाडेनातलं एक कुटुंब राहायला आलं होतं. तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातलं. दोन मुलं, आजी, मांजर. दारांच्या फटीत ओले टॉवेल. पॅसडिनाच्या काही भागात नळाचं पाणी पिऊ नका असं सांगितलेलं, म्हणून बाटल्यांचे ढीग. ताई म्हणाली, "ये गं, मला आनंदच आहे. पण काकांना झोपवू कुठं?"

मी तोवर फक्त आम्हाला काय होईल एवढंच बघत होते. मग हॉटेलला फोन केला. तिथली बाई थकलेल्या आवाजात म्हणाली, "तुम्ही खोली सोडलीत, तर दहा मिनिटांत जाईल." त्या दिवशी सुमारे 1,80,000 लोकांना घर सोडण्याचा आदेश होता. आणीबाणी जाहीर झाल्यावर भाडं दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही असा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे, तरी लोक रिकाम्या खोलीसाठी वणवण करत होते. आणि आम्ही तीन रात्री अडवून ठेवल्या होत्या, मिकी माउससाठी.

(दृश्य : पिवळं-लाल विमान, पंखाला भोक.)

हौशी लोकांची तऱ्हा तर वेगळीच. याच 9 तारखेला कुणाचा तरी ड्रोन कॅनडातल्या क्वेबेकहून आलेल्या अग्निशमन विमानाला धडकला आणि ऐन गर्दीच्या वेळी ते विमान दुरुस्तीला गेलं. बघ्यांची गर्दी आपल्याकडच्या अपघातात असते तशीच, फक्त इथं ती आकाशात.

तरी बाबा हटत नव्हते. शेवटी निकाल त्या इन्हेलरने दिला. हवेचा आकडा त्या दिवशी पॅसडिनाला म्हणावा तितका वाईट नव्हता. पण तो आकडा मुख्यतः बारीक धूलिकण मोजतो. इथं गवत नाही, घरं जळली होती. जुना रंग, गाड्या, बॅटऱ्या, वायरी. त्या दिवसांत आगीपासून वीसेक किलोमीटरवरच्या एका केंद्रावर हवेतलं शिसं नेहमीच्या सुमारे शंभर पट मोजलं गेलं. दम्याच्या माणसाला तिथं नेऊन "बघा, हवेचा आकडा मध्यमच आहे" म्हणायचं?

तिकिटं पुढे ढकलली. बाबा दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

दोन्ही आगी पूर्ण बांधल्या गेल्या 31 जानेवारीला. तोवर 16,000 हून जास्त इमारती गेल्या होत्या. मी 15 फेब्रुवारीची तारीख धरली आणि सुटले म्हटलं. तर 13 तारखेला धो धो पाऊस. जळलेल्या उतारावर माती धरून ठेवायला मुळं उरली नव्हती, राख-चिखलाचे लोंढे किनाऱ्याच्या हायवेवर आले. या वेळी मात्र हिशोब सोपा होता. वाट वेगळी, हॉटेल नको, ताईचे पाहुणे भाड्याच्या घरात गेलेले. समुद्राचा बेत आपोआप रद्द झाला.

(दृश्य : पॅसडिना. खिडकीची चौकट, अगदी जवळून.)

ताईने एक पारदर्शक पिशवी दाखवली. आत पुस्तकाचं अर्धं जळलेलं पान, 8 तारखेला सकाळी तिच्या अंगणात पडलेलं. कडा काळ्या, मधली अक्षरं वाचता येतात. कुणाचं पुस्तक, कुणास ठाऊक. बाबांनी ते उजेडाकडे धरून बराच वेळ बघितलं.

थालीपिठं झाली. बाबा म्हणाले, "ऊन छान पडलंय, बाहेर बसू."

"काका, वारं सुटलंय. आतच बसा," ताई म्हणाली. तिने खिडकी लावली आणि सवयीने चौकटीवरून ओलं फडकं फिरवलं. फडकं राखाडी झालं होतं.